मोजे आणि ओट्याचं फडकं एकाच मशीनमध्ये? धुण्यावरून वाजत असेल तर हे बघा

(टेबलावर मोज्यांचा जोड, ओटा पुसायचं फडकं, एक ओलसर टॉवेल. मागे दांडीवर कपडे.)

नमस्कार मंडळी!

हे मोजे. आणि हे ओट्यावरचं फडकं. दोन्ही एकत्र मशीनमध्ये टाकली, तर तुमच्याकडे काय होतं? काही घरांत काहीच होत नाही. काही घरांत मात्र "शी! तुमच्याकडे असंच धुवायचे का?" इथून सुरुवात होते आणि दोन्हीकडच्या आयांचा उद्धार झाल्याशिवाय विषय संपत नाही.

या भांडणात दोघांनाही वाटत असतं की आपण स्वच्छतेबद्दल बोलतोय. खरं तर निम्मा वेळ आपण लहानपणी घरात जे पाहिलं, त्याची वकिली करत असतो. पारोशाचे कपडे वेगळे, बाहेरचे वेगळे, बायकांचे वेगळे, देवघरातलं तर त्याहून वेगळं. ही सगळी वाटणी कपडा कुणाचा आणि कुठून आला यावर चालते. जंतूंना नातीगोती कळत नाहीत. तिथे प्रश्न दोनच: कापडाला अंगातलं काय लागलंय, आणि ते ओलं किती वेळ राहिलं. आजची सगळी भांडणं या दोन प्रश्नांवर तपासू.

(फडकं उचलून)

आधी मोजे विरुद्ध फडकं. मोज्यांना वास येतो, म्हणून आरोपी तेच. पण यानेच ओट्यावर सांडलेलं कोंबडीचं किंवा मासळीचं पाणी पुसलं असेल, तर जास्त घाण या फडक्यात आहे. आणि स्वयंपाकघरातल्या कापडांसोबत खरं काय टाकू नये, तर आतले कपडे. कितीही नीट आंघोळ करणारा माणूस असो, अंतर्वस्त्राला आतड्यातले जंतू थोडेफार लागतातच. साबणाचं मुख्य काम जंतू मारणं नाही, त्यांना तेल-मळासकट कापडापासून सोडवून पाण्यात नेणं, हे आहे. गार पाण्याच्या धुण्यात काही जंतू जिवंत राहतात आणि त्याच पाण्यातून शेजारच्या कापडावर बसू शकतात. म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते, की अंतर्वस्त्रं, टॉवेल आणि चादरी 60 अंश सेल्सिअसला धुवा, किंवा 40 अंशाला ब्लीच असलेली पावडर वापरून.

तेव्हा "वेगळं धुवा" म्हणणारी व्यक्ती इथे जिंकली. पण एवढ्यापुरतीच! त्याचा शर्ट आणि तिचा कुर्ता वेगळा, ऑफिसचा आणि घरातला वेगळा, याला आरोग्याचा आधार नाही. रंग जाणारे कपडे सोडून खुशाल एकत्र टाका. पाळीचं रक्त लागलेले कपडे मोरीच्या कोपऱ्यात लपवून ठेवायचंही कारण नाही. आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग बाकीच्या आतल्या कपड्यांबरोबर धुवा. गारच पाणी घ्या हं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होतात आणि डाग पक्का बसतो.

आता गरम पाण्याचा पक्ष. गीझरची बादली भरायची, पावडर टाकायची, हाताने ढवळायचं आणि म्हणायचं, "सगळे जंतू मेले." ज्या पाण्यात तुम्ही आरामात हात घालता, ते 60 अंशांच्या जवळपासही नसतं. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत हात भाजतं. मशीनमध्ये हे तापमान हवं असेल तर आत हीटर लागतो. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये तो सहसा असतो, वरून उघडणाऱ्या अनेक मशीनमध्ये नसतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने भांडू नका. आणि पावडरवर थेट उकळतं पाणी ओतू नका. तिच्यातली एन्झाइम्स, म्हणजे अन्नाचे आणि घामाचे डाग तोडणारी द्रव्यं, उकळत्या पाण्यात निकामी होतात. त्यांचेच तर पैसे मोजलेत ना तुम्ही?

रोजच्या कपड्यांना इतक्या गरम पाण्याची गरज नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील, तेव्हा मात्र आहे. फ्लूच्या किंवा कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फाटतं. जुलाबांच्या नोरोव्हायरसला आणि रोटाव्हायरसला असं आवरणच नाही, त्यामुळे साबणाचं तिथे फारसं चालत नाही. अशी चादर झटकू नका, तिच्यावरची घाण आधी काढून टाका, ती एकटीच आणि कडक गरम पाण्यात धुवा, आणि नंतर हात नीट धुवा.

मग "झाकणभर जंतुनाशक टाकलं की झालं" हा पक्ष. बादलीभर पाणी, त्यात मळ, त्यात साबण, त्यात एक झाकण. एवढ्या पातळ मिश्रणात जोर किती उरणार? मळ असला की अशी द्रव्यं आणखी दुबळी होतात. कपड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही सॅनिटायझरमधली औषधं तर साबणाबरोबर टाकली की निकामीच होतात, म्हणून ती शेवटच्या पाण्यात टाकायला सांगतात. पांढऱ्या सुती कपड्यांना ब्लीच चालतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. पण एक सक्त ताकीद: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्याकडची न्हाणीघरं असतात केवढी!

(दांडीकडे वळून)

आता हे बघा. वरून ओढणी दिसतेय. खाली काय आहे? (ओढणी उचलून) ब्रा आणि निकर. लोक काय म्हणतील, म्हणून घराघरात हे असंच वाळत घालतात. जे कापड अंगाच्या सगळ्यात दमट भागाला चिकटून असतं, तेच कापड आपण ऊन आणि वारा न लागेल अशा बेताने वाळवतो. मग ते संध्याकाळी ओलसर असतानाच घडी होऊन कपाटात जातं. यावरून घरात वाद होत असेल, तर मी उघड्यावर वाळत घालणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि माझा आवाज थोडा चढलेला आहे हेही मान्य. पाळीसाठी कापड वापरत असाल तर त्यालाही हेच लागू. स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवा, उन्हात, उघड्यावर.

आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला तो विषय. नायटा. गजकर्ण म्हणा. गेल्या काही वर्षांत भारतात तो चिवट झालाय. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी नवी प्रजाती म्हणून नोंदवली. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. त्यात आपण डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून स्टिरॉइड असलेलं मलम आणतो. खाज थांबते, बुरशी पसरते.

इथे धुण्याचा वाद गंभीर होतो. नवऱ्याच्या जांघेत नायटा. तो म्हणतो, "माझं मी मलम लावतोय, तू कपडे वेगळे काढून माझा अपमान करू नकोस." बायको म्हणते, "तुझा टॉवेल माझ्या टॉवेलजवळ नको." बायकोचं बरोबर आहे, आणि अपमानाचा इथे संबंध नाही. या बुरशीचे बीजाणू कापडावर टिकतात. धुण्याच्या टोपलीत नुसते शेजारी पडलेले कपडेही ते एकमेकांना देऊ शकतात. 30-40 अंशांच्या धुण्यात ते तग धरतात, 60 अंशांना मरतात. म्हणजे त्याची अंतर्वस्त्रं, टॉवेल, रोज अंगात असलेली पँट आणि चादर यांची टोपली वेगळी, धुणं वेगळं आणि गरम पाण्यात, पूर्ण वाळवण, आणि शिवणींवरून कडक इस्त्री. इस्त्री उलट्या बाजूने करा, कारण अंगाला लागते ती बाजू आतली. टॉवेल, साबण आणि पांघरूण एकत्र वापरायचं नाही. खाज बायकोलाही असेल तर दोघांनी एकाच वेळी डॉक्टरांकडे जायचं. नाहीतर हिचं बरं होतं तोवर त्याचं पुन्हा सुरू.

आणि या वादात आपण तिसऱ्या माणसाला विसरतो. धुणं करायला मावशी येत असतील, तर नायट्याचे कपडे न सांगता त्यांच्यापुढे टाकायचे नाहीत. सांगा, हातमोजे द्या. त्याहून चांगलं म्हणजे ज्याचे कपडे, त्याने ते धुवावेत.

खरुजेचा हिशोब थोडा वेगळा. तिचा किडा माणसाच्या अंगापासून दूर साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. जे गरम पाण्यात धुता येत नाही, ती गोधडी किंवा स्वेटर, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं तरी चालतं.

(ओलसर टॉवेल नाकाजवळ नेऊन, तोंड वाकडं करून)

शेवटचं भांडण, आणि पावसाळ्यात सगळ्यात मोठं. "मशीन मी लावलं होतं, कपडे तू काढायचे होतेस." कपडे रात्रभर आत. सकाळी असा कुबट वास. या वासामागे बऱ्याचदा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू असतो. जपानी संशोधकांना तो वास मारणाऱ्या धुण्यात सापडला. कोरडेपणा आणि अतिनील किरणं तो बऱ्यापैकी सोसतो. म्हणून कुबट टॉवेल नुसता उन्हात टाकला, की वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि आंघोळीनंतर पहिल्यांदा पुसलं की परत येतो. त्याला गरम पाणी आणि ब्लीच असलेली पावडर हवी. सुगंधी कंडिशनर ओतून काही होत नाही, उलट टॉवेलचं पाणी शोषणं कमी होतं.

कोकणात, मुंबईत जुलैमध्ये ऊन कुठून आणायचं? नाही आणता येत. मशीनचं पिळणं दोनदा चालवा. कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. खोलीत पंखा आणि खिडकी, दोन्ही चालू आणि उघडी. जीन्स उलटी करून टांगा, खिसे बाहेर काढून. आणि मशीन ठासून भरू नका, वर हाताचा पंजा सहज आत जायला हवा. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर थोडी जास्त लागते, पण फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, असं नसतं. उरलेला साबण धाग्यात बसतो आणि मळ धरून ठेवतो.

एवढं करूनही वास येत असेल, तर मशीनच्या दाराचं रबर बोटाने उलटवून बघा. त्या घडीत काळा, बुळबुळीत थर दिसेल. तो पुसून काढा, महिन्यातून एकदा सगळ्यात गरम पाण्यावर रिकामं मशीन चालवा, आणि एरवी दार उघडं ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर मात्र न्हाणीघराची कडी बाहेरून लावायची.