परत येण्याचं सामान

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध परिसरातल्या एका गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दुसऱ्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या सभेत झालेलं हे भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं ठेवलं आहे.

राम राम मंडळी. रात्रभर दंडारीचं लोकनाट्य बघून जागलेली माणसं दुपारी भाषणाला येऊन बसतात, याचं मला अप्रूप आहे. समुद्रातल्या मासेमारीवर बोला, असं संस्थेच्या पोरांनी सांगितलं. आपली चार-पाच पोरं गेली दोन वर्षं हिवाळ्यात कोकणात जातात, तिथं कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, भाड्यानं घेतात, सुरमई धरून काढलेले फोटो घरी पाठवतात. यंदा त्यांनी स्वतःचं सामान घ्यायचं ठरवलंय. परवा मला यादी दाखवली. दोन रॉड, तीन रील, लूरचे, म्हणजे खोट्या आमिषाचे, अकरा प्रकार. लाइफ जॅकेट एकही नाही. त्या यादीमुळेच मी आज उभा आहे.

मी ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा. माझा बाप याच तलावावर डोंगा चालवत होता. पुढं पोटासाठी मी सिंधुदुर्गात गेलो आणि चौदा वर्षं छोट्या होडीवर काढली. त्यामुळे दोन्ही पाणी अंगावर घेतलेला माणूस म्हणून माझं ऐका.

आपल्याला पाणी कळतं, हे खरंच आहे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, साडेसहा हजारांच्या वर मामा तलाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले, म्हणून मामा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात ते बांधले, नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला. इथलं पोर चालायला लागलं की पाळीवर, तलावाच्या बांधावर पळतं. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे लोक तुम्ही. तोल तुमच्या अंगात आहे, तो कोकणातल्या पर्यटकाला सात जन्मात येणार नाही. पण तलावाचं पाणी जिथं असतं तिथंच राहतं. सकाळी डोंगा ज्या खुंटीला बांधला, संध्याकाळी ती खुंटी तिथंच सापडते. समुद्राचं तसं नाही.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, आणि हे कोळ्यांनी तिथीत बसवलंय. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. आज पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. तिथून सहा तासांनी ओहोटी. हा ठोकळ हिशोब मुंबईच्या बाजूला चांगला बसतो, दक्षिणेला मालवणकडे वेळ थोडी बदलते, म्हणून निघण्याआधी छापील तक्ता बघायचाच. पण तिथी आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. घरी बसून अंदाज करता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मऊ असतं. नवशिक्यानं भांगेला जावं.

हे का सांगतो? खाडीच्या तोंडाशी मासा असतो, म्हणून सगळे तिथं जातात. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं. साधा माणूस कयाक तासाला पाच किलोमीटरच्या आसपास वल्हवतो. उधाणाची ओहोटी तेवढ्याच वेगानं सामोरी आली, तर तुम्ही घाम गाळत वल्हं मारता आणि काठावरचं तेच माडाचं झाड बाजूला उभं असतं. म्हणून खाडीत परतायचं असेल तर परतीचा वेळ भरतीला जोडायचा. ओहोटीनं जा, भरतीनं या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ही माझ्या अंगावर आलेली आहे. शाळेत आपण सगळ्यांनी मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. तो मतलई. दुपारी उलटं, समुद्राकडून जमिनीकडं. तो खारा. पेपरात दोन मार्क मिळाले आणि विसरलो.

कोकणात माझं दुसरंच वर्ष होतं. डिसेंबरची पहाट. एका ओळखीच्याची कयाक मागून घेतली आणि एकटाच निघालो. पाणी आपल्या तलावासारखं, आरशासारखं. पाठीवर गार वारा, वल्हं मारावं लागतच नव्हतं. मला वाटलं, माझा हात बसला. दीड-एक किलोमीटर गेल्यावर पाणी खडबडीत व्हायला लागलं, तेव्हा मागं वळून बघितलं. किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी. कयाक वळवली आणि वारा तोंडावर आला. तेव्हा कळलं की इतका वेळ मी वल्हवत नव्हतो, वारा मला नेत होता. जाताना वीस मिनिटं लागली असतील. येताना दोन तास वल्हं मारून निम्मंही अंतर कापलं नव्हतं, तळहाताची साल निघाली होती. एका होडीवाल्या काकांनी दोर फेकला म्हणून आज इथं बोलतोय. माझ्या अंगात जॅकेट नव्हतं, शिट्टी नव्हती, फोन कोरडा नव्हता.

आता हेच आपल्या पाळीवर आठवून बघा. वारा पाळीकडून आला की पाळीच्या आडोशाला पाणी निवांत असतं आणि समोरच्या काठावर लाटा थापा मारतात. लाट उठायला वाऱ्याला मोकळं अंतर लागतं. मतलईत किनाऱ्याचं पाणी म्हणूनच शांत दिसतं. जेवढं आत जाल तेवढी लाट वाढते, आणि परत येताना नेमका वारा छातीवर. तेव्हा पहाटे काठाच्या अंगानं राहायचं, काठाला समांतर. दुपारी खारा वारा सुरू व्हायच्या आत परतायचं, नाहीतर किनाऱ्याच्या फुटणाऱ्या लाटांतून उतरावं लागतं आणि कयाक आडवी झाली की उलटते.

आता सामान. हे जॅकेट बघा. फोमचं आहे, पाठीचा खालचा भाग पातळ आहे, म्हणजे कयाकच्या सीटला टेकून बसता येतं. खांद्याला धरून दुसऱ्यानं वर ओढायचं, हनुवटीवर गेलं तर ते तुमच्या मापाचं नाही. या खिशाला शिट्टी बांधली आहे. आणि सीटखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेलं जॅकेट. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला. आपल्यासारख्याच घरच्या बाया होत्या त्या. समुद्र लांब राहिला, आपल्या नदीवरही हे अंगात हवं. मी संस्थेला हात जोडून सांगतो, पहिला खर्च यावर करा.

कयाक वर बसायची घ्या. हिच्या तळाला आरपार भोकं असतात, लाट वर आली की पाणी आपोआप खाली जातं. आत पाय घालून बसायची कयाक लाटेनं भरली की उपसत बसावं लागतं. मागचं बूच मात्र निघण्याआधी हातानं आवळून बघायचं, ते सैल राहिलं तर पोकळीत पाणी शिरतं आणि तुम्हाला उशिरा कळतं. लांबीला बारा-एक फूट बरी, सरळ चालते. वल्ह्याला दोरी बांधा, कारण वल्हं गेलं की कयाक म्हणजे ओंडका. पण दहा वस्तूंना दहा दोऱ्या बांधू नका, उलटल्यावर पायात गुंततात. छातीला एक सुरी हवी, टोक बोथट असलेली. नांगर टाकायचा तर दोर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागच्या टोकाला, मधल्या बाजूला कधीच नाही. बाजूनं ओढ बसली की कयाक आडवी पाणी पिते. तेव्हा दोर कापायला ती सुरी लागते.

रॉड-रीलवर तुम्ही मला ऐकवाल इतकं तुम्हाला फोनवरून माहीत आहे, म्हणून थोडकंच. सात फुटांच्या आतला एक रॉड, मधल्या आकाराचं एक रील, वीस-तीस पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. ब्रेड ताणली जात नाही आणि खडकावर ती लगेच तुटते, म्हणून पुढं लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा जोडायचा. गाठ आवळताना थुंकी लावा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. सुरमईचे दात कात्रीसारखे, तिच्यासाठी तारेचा तुकडा. ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोरी सोडणारी रीलची पकड, अंदाजानं लावू नका. दोरीचं टोक वजनकाट्याला अडकवा, रॉड वाकवून ओढा, तीस पौंडांच्या दोरीला दहाच्या आत दोरी सुटली पाहिजे. कयाकवर एक सोय आहे, मोठा मासा कयाकलाच ओढत नेतो आणि त्यात दमतो. म्हणून दांडगं सामान लागत नाही. पण तो तुम्हाला कुठं ओढून नेतोय, हे बघत राहा.

आपल्याकडं शिंगीचा काटा लागला की हात ठणकतो. समुद्रात शेंगाळा आणि पाखट हे मासे तेच करतात, जास्त जोरानं. लागलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा, आणि दवाखाना गाठायचा. काटा काढायला लांब पक्कड ठेवा.

खारं पाणी लोखंड खातं. तलावावर आपण रील कधी धुत नाही, तिथं रोज धुवावं लागतं, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली. जोराची धार मीठ आत ढकलते.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. बिनयंत्राच्या पारंपरिक होडीला सूट आहे, पण त्या दोन महिन्यांत कयाक घेऊन पावसाळी समुद्रावर जाऊ नका. मासाही तेव्हा अंड्यावर असतो. आपली रोहू-कतलाही पावसातच अंडी घालतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

समुद्राच्या लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेतून निघतो. किनाऱ्यापासून इतक्या लांब बसून ते लाट सांगतात, तर आपल्याला इथं गावात बसून तो बघायला काय हरकत? आणि तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४. फोन पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत, आणि पिशवी अंगाला. कयाकला बांधलेली पिशवी कयाकबरोबर जाते.

एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही. उलटल्यावर परत चढणं. कयाकच्या बाजूला उभं लटकून चढायला गेलं की पाय तिच्या खाली ओढले जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. आधी ती सरळ करायची. मग मधोमध यायचं, दोन्ही हात आडवे टाकायचे आणि पाय मागं लांब करून मारायला लागायचं, म्हणजे अंग पाण्यावर आडवं होतं. मग एका हिसक्यात पोट वर घ्यायचं, बेंबी मधोमध आली की कूस बदलून बसायचं. ऐकायला सोपं आहे. दमलेल्या हातांनी, भिजल्या कपड्यांत, तिसऱ्या वेळी जमतं का, ते बघायचं. आणि हे शिकायला आपल्या तलावाइतकी चांगली जागा कोकणातही नाही.

उद्या सकाळी सात वाजता शिवमंदिराच्या बाजूच्या घाटावर या. बेशरमची झुडपं काढून तिथली जागा पोरांनी मोकळी केली आहे. मी माझी कयाक आणि दोन जॅकेट आणतो. पाणी गार असेल, अंगावर जुने कपडे घाला. जे डिसेंबरात जाणार आहेत त्यांनी प्रत्येकानं पाच वेळा उलटायचं आणि पाच वेळा चढायचं, आणि पाळीवर बसलेल्यांनी मोजायचं.