टाचणीचा गंज

श्रोतेहो, नमस्कार. फोंड्याकडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कामगारांच्या फायली सांभाळल्या. तेव्हा एच. आर. म्हणत नसत, आमचं टाईम ऑफिस.

गोव्यात फायलीचा पहिला वैरी पाऊस. जूनमध्ये कपाट उघडलं की ओलसर वास यायचा. टाचण्या गंजून नेमणूकपत्राला तांबडी भोकं पडायची. प्लास्टिकच्या पाकिटात तर कागदाला घाम फुटतो आणि शाई पाकिटाला चिकटते. म्हणून सुती टॅग लावावा आणि कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावं. वाळवी भिंतीतूनच येते.

दुसरी अडचण नावांची. नाईक हे आडनाव एका दाखल्यावर शेवटी ‘के’ लावून, तर आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज कागदावर ‘क्यू-यू-ई’ लावून. पीएफ, आधार आणि बँक यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडतात. नोकरीला लागतानाच हे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर दहा मिनिटांचं काम.

फायलीत एका बाजूला नेमणूक, जन्मदाखला, शिक्षण. दुसऱ्या बाजूला तारखेनुसार रजा, पगारवाढ, मेमो. मेमो जपून ठेवतात, कामगाराचं उत्तर मात्र हरवतं. ते दरवेळी चुकूनच हरवतं असं मला वाटत नाही. दोन्हींवर पानाचे आकडे घाला. आजारपणाचे कागद वेगळ्या, बंद पाकिटात. ते सगळ्यांनी चाळायचे नसतात.

आणि नॉमिनेशन, म्हणजे कामगाराच्या मागे त्याचे पैसे कुणाला द्यायचे ते लिहिलेला कागद. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने हा कागद सांभाळायची जबाबदारी मालकावर टाकली. आम्ही तो सांभाळला, पण उघडून कधी पाहिला नाही. एका जुलैत कामगाराची बायको आली. नवरा महिन्यापूर्वी गेलेला. बाकाखाली छत्रीचं पाणी साचत होतं. फाईल काढली, तर वारस म्हणून त्याची आई. ती त्याच्याही आधी वारलेली. त्या बाईंना पुढे कितीतरी खेपा घालाव्या लागल्या.

त्यानंतर दर मे महिन्यात, पावसाआधी, आम्ही प्रत्येकाला बोलावून त्याची फाईल त्याच्यासमोर उघडू लागलो. पहिल्याच दिवशी एक फिटर नॉमिनेशन वाचून हसला. ‘‘साहेब, हे लग्नाआधीचं. भावाचं नाव आहे.’’ खोडायला त्याने पेन काढलं.

‘‘खोडू नका,’’ मी म्हटलं, ‘‘नवा फॉर्म देतो. बायकोचं नाव आधारवर आहे तसंच लिहा.’’