पार्टिशन दिसत नाही, म्हणजे डेटा गेला असं नाही

मित्रहो, काळी स्क्रीन, पांढऱ्या अक्षरांत ‘एरर: नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’, बस्स. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग आणि ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. हे दिसलं की बरेच जण पेनड्राइव्ह शोधतात आणि सगळं नव्याने टाकायला बसतात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथेच थांबा. या घटकेला तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध बहुधा डिस्कवर जसेच्या तसे असतात. खरं नुकसान होतं ते पुढच्या अर्ध्या तासात, आपल्याच हातून.

असं का, ते बघू. डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला तुकडा, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडचे, ६४ पार्टिशन टेबलाचे, उरलेले २ खुणेपुरते. ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. पार्टिशन डिलीट केलं की ही नोंद जाते. आतल्या फायलींना कुणी हातही लावलेला नसतो. आता ४४६ बाइटांत फाइल सिस्टिम वाचणारा कोड मावत नाही. म्हणून ग्रबचा गाभा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत असतो आणि मेनू व बाकीची मोड्यूल्स (ग्रबचे लागतील तसे जोडायचे तुकडे) लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. ते पार्टिशन कितवं, हे गाभ्यात लिहून ठेवलेलं असतं.

इथेच गंमत होते. एमबीआरमध्ये चार मुख्य नोंदींपलीकडच्या जादा, म्हणजे लॉजिकल, पार्टिशनांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. समजा ५ वर नुसता रिकामा ड्राइव्ह होता आणि ६ वर लिनक्स. जागा मोकळी करायची म्हणून तुम्ही विंडोजमधून ५ काढून टाकलं. लिनक्स जागचं हललं नाही, पण त्याचा क्रमांक झाला ५. ग्रब मात्र अजून ६ शोधतोय!

अशा वेळी त्याच रेस्क्यू प्रॉम्प्टवर ‘एलएस’ ही आज्ञा द्या. पार्टिशनांची यादी येईल. एकेकात डोकावून ‘बूट’ फोल्डर कुठे आहे ते बघा, ‘प्रीफिक्स’ आणि ‘रूट’ (ग्रबने कुठे बघायचं ते सांगणाऱ्या दोन सेटिंग) तिकडे वळवा, ‘नॉर्मल’ मोड्यूल लोड करा आणि ‘नॉर्मल’ म्हणा. मेनू येतो. पण ही सोय तेवढ्या एका वेळेपुरतीच. लिनक्समध्ये शिरल्यावर ग्रब डिस्कवर पुन्हा इन्स्टॉल केला नाही, तर पुढच्या वेळी तीच काळी स्क्रीन.

यादीत ते पार्टिशनच नसेल, तर नोंदच गेलेली आहे. मग मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) चालू करा आणि टेस्टडिस्क वापरा. ते मोफत आहे आणि फाइल सिस्टिमच्या खुणा शोधत डिस्क पिंजून काढतं. सापडलेल्या पार्टिशनमधल्या फायली ते आधी दाखवतं. त्या तुमच्याच आहेत याची खात्री झाल्याशिवाय टेबल लिहू नका. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हेही नको, आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रत काढा. आणि एसएसडी असेल तर फॉरमॅटचं नावही काढू नका. फॉरमॅट करताना ट्रिमची, म्हणजे ‘ही जागा आता नको, पुसून टाक’ अशी आज्ञा जाते, त्यानंतर टेस्टडिस्कही फारसं काही करू शकत नाही.

आणखी एक. मेनू आला, लिनक्स सुरू झालं, पण दीड मिनिट अडून आपत्कालीन मोडमध्ये गेलं, तर ‘एफएसटॅब’ फाइल उघडा. सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची, त्याची यादी तिच्यात असते. काढून टाकलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा खास ओळख क्रमांक, तिथे अजून असणार. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने आत्ताचे यूयूआयडी बघा, जुळवा आणि ज्याचं पार्टिशनच उरलेलं नाही त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची (#) खूण टाका, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही.