उसातला काळा दगड: मॉरिशसमध्ये सहा दिवस सायकलवर

[दृश्य: पहाट. उसामधून जाणारी अरुंद डांबरी सडक. एका रांगेत सायकली. आवाज फक्त चेनचा आणि पात्यांच्या सळसळीचा.]

काप माल्योर हे मॉरिशसचं उत्तर टोक. तिथल्या लाल छपराच्या चर्चपासून आम्ही निघालो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आम्ही पाच जण, एक वाटाड्या आणि मागून हळूहळू येणारी व्हॅन. व्हॅनमध्ये पाणी, केळी, जादा ट्यूब आणि आमच्या बॅगा. बेट तसं लहान, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. पाच दिवस किनाऱ्याने फिरायचं आणि सहाव्या दिवशी मधलं पठार ओलांडून राजधानी पोर्ट लुईला उतरायचं, असा बेत.

इंग्रज इथे १८१० मध्ये आले आणि १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. वाहतूक मात्र अजून आपल्यासारखीच डावीकडून चालते. त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बेटाला वळसा घातला, की समुद्र कायम डाव्या हाताला राहतो. सायकल आणि पाणी यांच्यामध्ये कुणी येत नाही.

आमचा वाटाड्या घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतो. मराठी तो शाळेत शिकलाय, जपून आणि शुद्ध बोलतो. खापरपणजोबा रत्नागिरीकडून आले, एवढंच त्याच्या घरात ठाऊक आहे. गाव कोणतं, ते कुणालाच सांगता येत नाही.

[दृश्य: उसाच्या मधोमध काळ्या दगडांची उंच रास. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला थांबवलं ते या राशीपाशी. दोन पुरुष उंचीची, पायऱ्या पायऱ्यांनी रचत नेलेली. लांबून वाटतं, जुनं देऊळ असावं. जवळ गेल्यावर कळतं, नुसते दगड आहेत. पण कसे रचलेत बघा. मोठे धोंडे बाहेरच्या अंगाला, फटींमध्ये चिपा, चुन्याचा किंवा मातीचा थेंब नाही. कोकणात ज्याने गडगा घातलाय, त्याला हा हात लगेच ओळखू येईल.

हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. कुदळ मारावी तिथे बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, लागतो. ऊस लावायचा, तर आधी दगड वेचायला हवेत. ते आधी गुलामांनी वेचले. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधलेले, हिंदुस्थानातून मजूर यायला लागले, मग त्यांनी वेचले. दगड उचलायचा, डोक्यावर किंवा पोटाशी धरून बांधावर न्यायचा, रचायचा, परत फिरायचं. पुढच्या नांगरटीला जमीन पुन्हा दगड वर काढायची. यंत्राने ऊस तोडता यावा म्हणून अलीकडे बऱ्याच राशी हटवल्या गेल्या. ज्या उरल्यात, त्या मोटारीतून डोळ्यांसमोरून सटकून जातात. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने मात्र एकेक रास अंगावर येते. मोजायच्या ठरवल्या होत्या, दुपारपर्यंत मोजणं सोडून दिलं.

[दृश्य: रोश न्वारचा किनारा. सुरूची झाडं, काळे खडक, त्यांवर फुटणारं पाणी.]

पूर्व किनाऱ्यावरच्या या गावाचं नावच रोश न्वार, म्हणजे काळे खडक. लाव्हा वाहत आला आणि समुद्राच्या कडेला थिजला, तो तसाच पडून आहे. पोटात पोकळ बोगदे, अंगावर भोकंच भोकं. ती भोकं म्हणजे निवताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. हा दगड हातात घेतला आणि मला घाटातली दरड आठवली.

ती उगाच आठवली नव्हती. भूशास्त्रज्ञ सांगतात, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचं पठार ज्या हॉटस्पॉटच्या, म्हणजे भूकवचाखालच्या तप्त जागेच्या, आगीतून ओतलं गेलं, त्याच हॉटस्पॉटने पुढे हे बेट घडवलं. आग खाली जवळजवळ जागच्या जागी राहिली आणि वरचं भूकवच सरकत गेलं. भारत उत्तरेकडे निघून गेला. मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी माळ उमटली. मग सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आज ती धग शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. सह्याद्री आणि हे बेट एकाच चुलीवरचं आहे. रत्नागिरीहून बोटीत बसलेला माणूस एक महासागर ओलांडून त्याच चुलीचे दगड वेचायला आला होता. त्याला हे कुणी सांगितलं नसेल. मला हे कळल्यापासून पुढचा सगळा रस्ता बदलला.

[दृश्य: वाऱ्याला तोंड देत वाकलेले सायकलस्वार.]

दुसरा दिवस वाऱ्याचा. सप्टेंबरात आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला जाताना ते अगदी समोरून येतात. सपाट रस्त्यावरही चढावरचा गिअर. "दूस्मा, दूस्मा," वाटाड्या ओरडतो. सावकाश. एकामागे एक, चाकाला चाक लावून आम्ही माएबूर गाठलं. तिथून किनारा पश्चिमेला वळतो आणि तोच वारा पाठीशी येतो. तिसऱ्या दिवशी पायांना जणू कामच नव्हतं.

माएबूरला धोलपुरी खाल्ली. डाळीचं पुरण भरलेली पातळ, मऊ पोळी, पण तिखटमिठाची. नेहमी जोडीनेच देतात. आत पावट्याची रस्सेदार भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, आणि हिरवी मिरची. कागदात गुंडाळून हातात. पहिल्या घासाला जीभ गूळ शोधते.

[दृश्य: सुयाकजवळचा रॉचेस्टर धबधबा. चौकोनी खांबांसारखा कातळ.]

दक्षिणेला सुयाकच्या पुढ्यात प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. लाट थेट कड्यावर आदळते. जवळच रॉचेस्टर धबधबा. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो आणि त्याचे असे खांब होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओळख करून द्यायला नको.

[दृश्य: ल मोर्नचा सुळका. संध्याकाळ.]

नैऋत्येच्या टोकाला ल मोर्न, ५५६ मीटर उंच. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांमध्ये लपून राहत. लोक सांगतात, गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. त्याच्या पायथ्याशी आम्ही कुणी फारसं बोललो नाही.

चौथ्या दिवशी शामारेलचा चढ. समुद्राच्या पातळीवरून थेट वर, वळणावर वळण. इथली सात रंगांची माती बघायला सगळं जग येतं. उन्हापावसाने बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि लोह, ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. तांबडा, जांभळा, तपकिरी. कोकणातला जांभाही असाच तयार झाला. रायगड-रत्नागिरीच्या माणसाला इथे सात रंगांपेक्षा त्यातला एकच तांबडा जास्त ओळखीचा वाटतो.

[दृश्य: गणपतीची आरास, ढोलकी, गोलात नाचणारी पावलं.]

पाचव्या दिवशी पश्चिम किनाऱ्याने कास्कावेल. मराठी वस्तीचं गाव. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. या दिवसांत इथे झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी. बोलणं क्रिओलमध्ये, पण गाणं सुरू झालं की शब्द मराठी. पुष्कळांना त्या शब्दांचा अर्थ विचारावा लागतो. पाऊल मात्र चुकत नाही.

[दृश्य: धुकं. गंगा तलाव. मग त्रू ओ सेर्फचं झाडांनी भरलेलं विवर.]

शेवटचा चढ व्हॅनने नेला आणि आम्ही पठारावर सायकली उतरवल्या. गंगा तलाव हे ज्वालामुखीचं विवर. महाशिवरात्रीला लाखो लोक इथे पायी येतात. काठावर ३३ मीटर उंच महादेव उभा आहे. क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ हे आणखी एक विवर, आता आत झाडी आणि तळाला चिखलाचं पाणी. तिथून पोर्ट लुईपर्यंत बहुतेक उतारच. ब्रेक तापले, हात भरून आले.

[दृश्य: आप्रवासी घाट. काळ्या दगडाच्या पायऱ्या.]

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट, मजूर उतरवून घेण्याचा डेपो. जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर मजुरीला आली. १८४९ मध्ये हा डेपो उभा राहिल्यावर ती इथूनच आत शिरली. पायऱ्या बेसाल्टच्याच.

वाटाड्याने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "तुमच्याकडे रत्नागिरीत दगड कसा असतो?" मी मोबाईलमधला एक फोटो त्याला दाखवला. कुंभार्ली घाट, दरडीला टेकवलेली माझी सायकल. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. सायकल बाजूला सरकवली आणि मागचा कातळ बघत राहिला. काळा, भोकाभोकांचा.

"रॉस," तो म्हणाला. क्रिओलमध्ये दगड.