मॅग्नेशिअमच्या स्क्रूवरचा लेप

नमस्कार श्रोतेहो. मोडलेलं हाड जुळल्यावर त्यातला स्क्रू आपोआप विरून गेला, तर तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. मॅग्नेशिअमचा स्क्रू असा विरतो, पण बहुतेक वेळा हाड जुळण्याआधीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमचे शल्यविशारद लॅम्बॉट यांनी पायाच्या हाडावर मॅग्नेशिअमची पट्टी पोलादी स्क्रूंनी बसवली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले, कातडीखाली वायू साचला. दोन वेगळे धातू आणि शरीरातलं खारं पाणी एकत्र आले की बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते मॅग्नेशिअम.

दर 1 मिलिग्रॅम मॅग्नेशिअम विरताना साधारण 1 मिलिलिटर हायड्रोजन निघतो. हळूहळू निघाला तर शरीर तो शोषून घेतं; एकदम निघाला तर फुगा धरतो. हे विरणं लांबवण्यासाठी स्क्रूवर लेप देतात. पण लेपाकडून कायमचा बंदोबस्त नको, मुदत हवी: हाडासाठी साधारण 12 आठवड्यांची.

सगळ्यात भरवशाचा लेप धातूतूनच उगवतो. स्क्रू बारीक पॉलिश पेपरने घासा, अॅसिटोनने तेलकटपणा काढा, पूर्ण सुकवा. मग अल्कधर्मी द्रावणात (उदाहरणार्थ, लिटरला 10 ग्रॅम सोडिअम सिलिकेट आणि थोडं पोटॅशिअम हायड्रॉक्साइड) बुडवून 300 ते 450 व्होल्ट दाब द्या. पृष्ठभागावर बारीक ठिणग्या पळताना दिसतात आणि दहा मिनिटांत काही मायक्रॉन जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. द्रावण थंड ठेवलंच पाहिजे. ठिणग्या मोठ्या होऊन एकाच जागी थांबल्या, तर तिथे थर जळतो.

हा थर घट्ट चिकटतो खरा, पण ठिणगीच्या वाटेवर छिद्रं राहतात. त्यातून शरीरातल्या खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड आत शिरतं आणि थराखालून धातू पोखरतं. म्हणून छिद्रं बुजवावी लागतात. कॅल्शिअम फॉस्फेट चांगलं, कारण हाडाला ते आपलंच वाटतं. पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे शरीरात विरणाऱ्या एका पॉलिमरचा, पातळ थरही देतात, पण तो विरताना आम्ल सोडतो आणि खाली वायू साचला की फोडासारखा उचलला जातो. नुसता पॉलिमर थेट धातूवर देणं म्हणूनच मला पटत नाही. खाली ऑक्साइडचा पाया हवा.

आता चाचणी. नमुना 37 अंशांच्या हँक्स द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) ठेवा, नमुन्याच्या दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाला किमान 20 मिलिलिटर. त्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर द्रावणाने भरलेली उलटी ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली काचेची नळी. वर जमणारा हायड्रोजन रोज मोजा. द्रावण कमी पडलं, तर पीएच चढतो, म्हणजे द्रावण जास्त अल्कधर्मी होतं, मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचा थर टिकतो आणि वाईट लेपही चांगला भासतो.

आणि सपाट चकतीवरच्या आकड्यांवर थांबू नका. लेप आधी फुटतो तो आट्यांच्या धारेवर आणि पेचकस बसतो त्या खाचेत. खरा स्क्रू हाडाइतक्या कठीण ठोकळ्यात पिळा, बाहेर काढा, धारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि मगच तो द्रावणात टाका.