पोस्ट माझी, पण फिरवली कोणी?

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी मला कोपऱ्यात गाठलं आणि मोबाईलच पुढे धरला. म्हणाल्या, सर, माझ्या पोस्टखाली १४ शेअर दाखवतंय, पण त्याच्यावर बोट ठेवलं तर नावं सहाच येतात, उरलेले आठ जण कोण तेवढं काढून द्या ना. मी खरं तर पासवर्डवर बोलायची तयारी करून आलो होतो, पण म्हटलं आज ह्या आठ जणांवरच बोलू, कारण हा प्रश्न हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या मनात असतो, उगाच भोचक दिसू म्हणून कोणी विचारत नाही इतकंच.

तर ते आठ जण. फेसबुक तुम्हाला आकडा पूर्ण दाखवतं, पण नावं फक्त त्यांचीच दाखवतं ज्यांचा शेअर तुम्हाला दिसण्यासारखा आहे. कोणी पब्लिक ठेवून शेअर केलं तर दिसणार. कोणी तुमची पोस्ट उचलून फक्त स्वतःच्या फ्रेंड्सना दाखवली आणि तुम्ही त्यांच्या यादीत नाही, तर नाही दिसणार. म्हणजे काकू, ते नाव तुमच्यापासून लपवलंय ते त्या माणसाच्या प्रायव्हसीसाठी, आणि हाच पडदा तुमच्यासाठीपण आहे बरं का. तुम्ही नणंदेच्या पोस्टचा शेअर गुपचूप मैत्रिणींना दाखवता तेव्हा तिलाही फक्त आकडा वाढलेला दिसतो. (हसू नका, सगळे करतात.)

इन्स्टावर तर अजून कमी. प्रोफेशनल अकाउंट असेल तर इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, किती जणांनी पाठवलं तो आकडा मिळतो, मेसेजमधून कोणी कोणाला पाठवलं ते नाही मिळत. एक्सवर रिपोस्ट करणाऱ्यांची नावं दिसतात, ज्यांनी अकाउंटला कुलूप घातलंय ते सोडून. आणि स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला तर ह्यातलं काहीच मोजलं जात नाही, आकडासुद्धा नाही.

मग लोक काय करतात, प्लेस्टोअरवर जाऊन ‘तुमची पोस्ट कोणी बघितली, कोणी शेअर केली जाणून घ्या’ असलं ॲप टाकतात. अहो, जे फेसबुक स्वतः बाहेर देतच नाही ते ह्या ॲपवाल्याला कुठून मिळणार? तो तुमचा पासवर्ड मागतो, काँटॅक्ट मागतो, आणि चार दिवसांनी तुमच्या नावाने तुमच्याच मेव्हण्याकडे पैसे मागितले जातात. कोण बघतंय हे शोधायला गेलेला माणूस स्वतःच्या घराची किल्ली देऊन येतो. आणि नुसती स्वतःचीच नाही. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण आठवत असेल, २०१८ चं, प्रश्नमंजुषेच्या एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. फेसबुकनेच आकडे दिले होते, भारतात ते प्रश्नमंजुषेचं ॲप घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि ज्यांची माहिती गेली असू शकते असे लोक होते ५ लाख ६२ हजारांवर. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं हो, ते फक्त ते ॲप घेतलेल्या कोणाचे तरी फेसबुकवरचे मित्र होते.

म्हणजे आपल्याला कळत नाही, पण कंपनीला बरंच कळतं. यूट्यूबवरून शेअर दाबून लिंक पाठवा, शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे अक्षरांचं शेपूट येतं. इन्स्टाच्या लिंकलापण येतं. कुठल्या शेअरवरून माणूस आत आला हे ओळखायची ती खूण. यूट्यूबच्या छोट्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढचं खोडून पाठवलं तरी व्हिडिओ उघडतो, मी तसंच पाठवतो, माझी मुलगी म्हणते बाबा तुम्ही जरा जास्तच करता.

आता व्हॉट्सॲप. तिथे कोणी फिरवलं हे कोणालाच कळत नाही असं आपण धरून चालतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते ह्या हॉलमध्ये कोणी विसरलं नसेल, भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं, मुलं पळवणारे समजून, आणि ती अफवा मोबाईलवरून फिरत होती. पहिल्यांदा कोणी टाकली? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, ‘फॉरवर्डेड’ असं लेबलही तेव्हाच आलं. पुढे दोन बाण आले, पाच किंवा जास्त हात फिरून आलेल्या मेसेजवर, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. ही मोजणी मेसेजच्या पोटातच असते, तीपण कुलूपबंद, त्यामुळे मेसेज बरेच हात फिरलाय एवढंच कळतं, कोणाचे हात ते नाही. आणि कोणी तेच मजकूर कॉपी करून नव्याने टाकलं की बाण गायब, मेसेज पुन्हा कोरा करकरीत.

सरकारला हे पुरेसं वाटलं नाही. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत आलं की मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी कोर्टाचा किंवा अधिकृत आदेश आला की मेसेजचा पहिला पाठवणारा शोधून द्यायचा, गंभीर गुन्ह्यांसाठी. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मेसेज कोणालाच वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ. कंपनीचा कळवळा मला काही येत नाही, पण त्या नियमातलं एक कलम बघा. मूळ पाठवणारा भारताबाहेरचा असेल तर भारतात ज्याने तो मेसेज पहिल्यांदा पाठवला तोच मूळ पाठवणारा धरायचा. म्हणजे न्यू जर्सीच्या भाच्याने काहीतरी पाठवलं, सदाशिव पेठेतल्या मावशीने ते न वाचता भजनी मंडळाच्या ग्रुपवर ढकललं, तर कागदोपत्री उगम मावशी. राईनपाड्यासारख्या प्रकरणात मुळाशी जायलाच हवं हे मला मान्य आहे, पण त्यासाठी सगळ्यांच्याच मेसेजला टॅग लावून ठेवायचा हे मला पटत नाही.

आणि शोधून काय होतं ते मी घरात बघितलंय. पुतणीला दहावीला ९४ टक्के पडले. मी मार्कशीटचा फोटो काढला, फेसबुकवर ‘फ्रेंड्स’ ठेवून टाकला आणि दोनतीन फॅमिली ग्रुपवर. मार्कशीटवर सीट नंबर, आईचं नाव सगळं असतं, बोर्डाच्या साइटवर रिझल्ट उघडायला नेमकं तेच दोन लागतं, पण मला तेव्हा सुचलं नाही, आणि बँकवाले कधीकधी खात्री करायला फोनवर आईचंच नाव विचारतात. आठवड्याने चौकात फ्लेक्स. एका क्लासचा. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’, मधोमध आमची पोरगी आणि खाली ती मार्कशीट, आणि पोरगी त्या क्लासची पायरीसुद्धा चढलेली नाही!

मी पेटलो. मावसभावाचं त्या क्लासवाल्याशी उठणंबसणं, मी सरळ त्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. तो दिवाळीला आला नाही. मग एक दिवस सिग्नलला थांबलो असताना फ्लेक्स नीट बघितला तर मार्कशीटच्या कोपऱ्यात पेढ्याच्या बॉक्सचं टोक दिसत होतं. आता मी फेसबुकवर टाकताना आणि मावशीकडच्या ग्रुपवर पाठवताना फोटो कापून घेतला होता. बॉक्सवाला न कापलेला फोटो गेला होता एकाच ग्रुपवर, आमच्या घरातल्या पाच जणांच्या. (ही युक्ती मुद्दामपण करतात, प्रत्येकाला किंचित वेगळी प्रत द्यायची आणि कुठली बाहेर पडते बघायचं.) पाचांतून एकाच माणसाच्या भिशी ग्रुपमध्ये क्लासवाल्याची आई आहे.

क्लासवाल्याकडे गेलो तर म्हणाला, सर, फ्लेक्सचे पैसे गेलेत, ॲडमिशन संपेपर्यंत राहू दे की. मी म्हटलं, कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात घरगुती कामासाठी वापरलेली माहिती बाहेर ठेवलीय, आणि माणसाने स्वतःच जगजाहीर केलेली माहितीपण. म्हणजे भिशीतला फॉरवर्ड पहिल्यात बसतो, क्लासचा धंदा बसत नाही, आणि पुतणीने स्वतःच तो फोटो पब्लिक टाकला असता तर माझं म्हणणं तिथेच लंगडं पडलं असतं. एवढं बोलल्यावर त्याने रात्रीत फ्लेक्स उतरवला. मावसभावाची मी माफी मागितली, तो अजून थोडा घुश्शातच आहे.

आईला मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. ९४ टक्के तिने ज्या आनंदाने भिशीत सांगितले असतील तो मला दिसतो. आज बोलायला उठण्याआधी सगळ्या रांगा बघून घेतल्या, ती आलेली नाहीये. तुमच्यातलं कोणी रेकॉर्डिंग करत असेल तर तेवढा शेवटचा भाग कापा.