हवेत एका जागी उभं राहणं

श्रोतेहो, नमस्कार.

खेळण्यांच्या दुकानात मिळणारं, एकावर एक दोन पंखे असलेलं रिमोटचं हेलिकॉप्टर तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. वरचा पंखा एका दिशेला फिरतो, खालचा उलट. दोघांचे पीळ, म्हणजे यंत्राला गरगर फिरवू पाहणारे जोर, एकमेकांना मारतात आणि यंत्र आपलं आपण शांत राहतं. त्यावर हात बसला की माणूस धीट होतो, एका मोठ्या पंख्याचं आणि शेपटीला छोटा पंखा असलेलं मॉडेल आणतो, आणि लवकरच पाती मोडून घेतो. आज या दुसऱ्या हेलिकॉप्टरबद्दल बोलू. त्यातही फक्त होव्हर, म्हणजे ते हवेत एका जागी उभं ठेवणं.

रिमोटवर दोन स्टिक. बहुतेक ठिकाणी डावीने वर-खाली जायचं आणि नाक फिरवायचं, उजवीने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवायचं. काही जण थ्रॉटल, म्हणजे वर-खाली नेणारी स्टिक, उजव्या हाताला ठेवतात. शिकवणारा कोणती पद्धत वापरतो ते आधीच विचारा, कारण एकदा लागलेली बोटांची सवय मोडणं जिवावर येतं.

खरी मेख पुढे आहे. स्टिक उजवीकडे नेली की हेलिकॉप्टर उजवीकडे कलतं. स्टिक मध्यावर आणली तरी कल तसाच राहतो, आणि कल आहे तोवर वेग वाढतच जातो. तो थांबवायला उलटी स्टिक द्यावी लागते, आणि तीही वेळेवर सोडावी लागते. नवशिका यंत्र सरकलेलं दिसल्यावर हात हलवतो. तोवर उशीर झालेला असतो, मग तो जास्त हलवतो, आणि हेलिकॉप्टर झोके घ्यायला लागतं. म्हणून नजर कलण्यावर हवी, सरकण्यावर नाही. स्टिक जेमतेम हलवायची, सोडायची, पुन्हा हलवायची. हल्लीच्या जायरोमध्ये, म्हणजे यंत्राचं वळणं ओळखून ते सावरणाऱ्या भागात, आपोआप सरळ होण्याची सोय असते. सुरुवातीला ती जरूर वापरा, पण कायम तिच्या भरवशावर राहिलात तर हात तयार होणार नाही. 1970 च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी मॉडेल हेलिकॉप्टर नीट उडवून दाखवलं, तेव्हा शेपूट सांभाळणारा जायरो नव्हताच. तो भार अंगठ्यावर होता!

सुरुवात पाठमोरी करा: शेपूट तुमच्याकडे, नाक पलीकडे, म्हणजे तुमचं डावं तेच त्याचं डावं. खाली, चार टोकांना चेंडूसारखे गोळे असलेली काड्यांची आडवी फुली बांधा, म्हणजे ते कलंडणार नाही. पहाटे वारा पडलेला असताना मोकळ्या मैदानात, पाच-सहा मीटर लांब उभे राहा. पाती मिनिटाला 2,000 हून जास्त फेरे घेतात, मुलांना जवळ येऊ देऊ नका. विमानतळ किंवा लष्करी हद्द जवळ असेल, तर तिथे उडवूच नका. पुणेकरांनो, लोहगाव लक्षात ठेवा.

भीतीपोटी सगळे जण घोट्याएवढ्या उंचीवर घुटमळतात, आणि तीच सगळ्यात वाईट जागा. खाली फेकलेली हवा जमिनीवर आपटून पात्यांत घोळते आणि यंत्र वाटेल तिकडे घसरतं. जमिनीवरच थोडं सरकवून नाकावर ताबा आला, की सरळ कमरेएवढं वर न्या. लक्ष नाकाकडे ठेवा, शेपटीकडे नको. आणि ते किंचित एका अंगाला कललेलं दिसलं, तर दुरुस्त करत बसू नका. मोठा पंखा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर त्याचा पीळ रोखताना शेपटीचा पंखा सगळं यंत्र डावीकडे ढकलतो. तो जोर तोलायला त्याला उजवीकडे जरासं कलावंच लागतं.

पाठमोरं जमलं की थोडं तिरकं, मग आडवं, आणि शेवटी नाक तुमच्याकडे. इथे डावं-उजवं उलटतं आणि भलेभले गडबडतात. युक्ती एकच: ज्या बाजूला ते कलतंय, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू कलत्या भिंतीला टेकू देताय. हे आधी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर घोटा. तिथे पाती फुकट मिळतात.

लिथियम बॅटरीवर पाचेक मिनिटं उडवलं की हेलिकॉप्टर खाली उतरवा. बॅटरीच्या सेलचा विद्युत दाब 3 व्होल्टच्या खाली गेला तर ती कायमची बिघडू शकते. ती चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका.

आणि पडायला लागलं तर? हात आपोआप थ्रॉटल वाढवतो. ते टाळा. जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल पूर्ण बंद करा. फिरत्या पात्यांनी जमीन धरली की दांडा वाकतो, गिअरचे दात जातात आणि खर्च वाढतो. मॉडेल घेतानाच सुट्या पात्यांचे दोन जोड घेऊन ठेवा.